अंगणातली नळी

शुद्धीकरण खात्याचा एक माणूस दर तीन महिन्यांनी गल्लीत यायचा आणि जमिनीखालचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन जायचा. हुद्दा त्याचा चांगला लांबलचक होता, छातीवरच्या ओळखपत्रात दोन ओळी अडवून बसलेला. पण गल्लीला हुद्द्याशी काय देणंघेणं? पहिल्याच फेरीत तिने त्याला बाटलीवाले करून टाकलं, आणि तोही इतक्या गरीब स्वभावाचा, की पुढेपुढे स्वतःच दारात उभा राहून "बाटलीवाला आलोय" अशी हाक द्यायला लागला.

गल्लीच्या टोकाला पूर्वी मुलाम्याचा कारखाना होता. लोखंडी दांड्या, नळाच्या तोट्या, सायकलींची हँडलं असं काय काय तिथे क्रोमच्या हौदात बुडवून चकचकीत करायचे. पुढे कारखाना बुडाला आणि मालकाने पोबारा केला. हौदांतून वर्षानुवर्षं झिरपलेलं पाणी मात्र कुठेही पळून गेलं नाही, ते गल्लीच्या पोटात राहिलं. ओल चढली की घरांच्या भिंतींना पायथ्याशी पिवळी पपडी धरायची. बायका ती खरवडायच्या, वरून चुना मारायच्या, आणि पुढच्या ओलीला पपडी पुन्हा हजर असायची.

ही पपडी डबाभर गोळा करून, खात्याच्या कचेरीत नेऊन साहेबांच्या टेबलावर ओतणारी बाई म्हणजे वहिनी. तिचा नवरा सगळ्या गल्लीचा दादा होता, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. दादा त्या कारखान्यात हौदांवर कामाला होता आणि ऐन उमेदीत छातीच्या रोगाने, खोकून खोकून गेला. दादाच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनीही, सारा जन्म त्याच हौदांवर काढला होता, पण ते टिकले. हौदाच्या वाफेने त्यांच्या नाकातल्या पडद्याला आरपार भोक पाडलं होतं आणि वास नावाची गोष्ट त्यांच्या आयुष्यातून कायमची उठून गेली होती. कारखान्याने आपलं नाक कापलं नाही, नुसतं आतून टोचून दिलं, असं ते स्वतःच सांगायचे आणि हसायचे. वहिनीला त्या विनोदाचं कधी हसू आलं नाही.

टेबलावर ओतलेल्या पपडीने काम केलं. खात्याने गल्लीत ठिकठिकाणी मनगटाएवढ्या जाडीच्या नळ्या जमिनीत खोल उतरवल्या आणि खालचं पाणी तपासायला सुरुवात केली. सगळ्यांत वाईट पाणी निघालं ते अण्णांच्या अंगणातल्या नळीचं. तो आकडा बघून कचेरीतल्या लोकांचे डोळे पांढरे झाले म्हणे. त्या एका नळीच्या जोरावर कारखान्याची जागा, पदरात अख्खी गल्ली घेऊन, सरकारच्या धोक्याच्या जागांच्या यादीत गेली. त्या दिवशी वहिनी दादाच्या फोटोसमोर उभी राहून पोटभर रडली. माणूस तर परत येणार नव्हता, पण हे कारखान्याने केलं एवढं तरी कुणीतरी कबूल केलं होतं.

यादीत गेल्यामुळे पुष्कळ झालं. शेड पाडल्या, माती खणून ट्रक भरभरून नेली, जमिनीत कसलंसं औषध सोडलं, वर हिरवळ लावली, बसायला बाकं ठेवली. गल्लीला लांबून नळाचं पाणी आलं. पण यादीतल्या गल्लीत घर कोण घेणार? बँक दारात उभं करीना, आणि गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडावरचा सरकारी फलक वाचूनच पाय मागे घेई. ज्यांनी वहिनीला डोक्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, तेच हळूहळू नाकं मुरडायला लागले. समोरचे मास्तर गल्लीच्या समितीचे चिटणीस होते. ते तोंडावर गोड बोलायचे आणि पाठ वळली की म्हणायचे, या बाईच्या अंगणातल्या एका भोकाने सगळ्यांना वेठीला धरलंय. त्यांना घर विकून मुलीकडे राहायला जायचं होतं. त्यात त्यांचं काही चुकत होतं असंही नाही.

वहिनीचा स्वतःचा मुलगा याच यादीपायी लांबच्या शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. बाप डोळ्यांदेखत गेलेला. आधी तो बायकोला घेऊन गेला, मग मुलगी झाल्यावर त्याने साफ सांगितलं, की जागा यादीतून निघाल्याशिवाय पोरीचा पाय त्या अंगणाला लागू देणार नाही. निघाली की दुसऱ्या दिवशी सामान घेऊन येतो. वहिनी नातीला भेटायला जायची ती पाहुणी म्हणून, पिशवीत दोन कपडे घालून. निघताना नात रडायची, आणि वहिनी गाडीत बसल्यावर.

आणि मग आकडे उतरायला लागले. बाकीच्या नळ्या आधीच सुधारल्या होत्या, अण्णांची तेवढी हटून बसली होती. एका वर्षी तिचाही आकडा घसरला आणि मग घसरतच गेला. खात्याकडून गल्लीचं काम बघणाऱ्या मॅडमनी समितीला आलेख दाखवला, तर रेघ बागेतल्या घसरगुंडीसारखी सरळ खाली आलेली. औषध उशिरा का होईना मुरलं, असं मॅडम म्हणाल्या. बाई सरळ होती, तिचा आनंद खोटा नव्हता. मास्तरांनी तर त्या दिवशी वहिनीच्या घरचा चहा दुसऱ्यांदा मागून घेतला.

यथावकाश खात्याने जाहीर केलं, की जागा यादीतून काढायचा विचार आहे, शाळेच्या सभागृहात सभा होईल, कुणाची हरकत असल्यास तिथे सांगावी. हरकत घेणारा कोण माईचा लाल निघणार होता? समितीची अध्यक्ष वहिनी, तिने उठून हरकत नाही म्हणायचं, एवढाच काय तो उपचार बाकी होता. वहिनीने खालची खोली रंगवून घेतली. ती इस्पितळाच्या चादरी शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायची. दिवसभर पांढऱ्या शुभ्र चादरी दुमडून दुमडून डोळे शिणायचे, तरी घरी येऊन तिने नातीच्या खाटेसाठी खोळ शिवली आणि तिच्या कडेने रंगीत दोऱ्याची बदकं काढली. अण्णा बदकं बघून म्हणाले, ही कावळ्यांच्या वंशातली दिसतात. तेव्हा मात्र वहिनी मनापासून हसली.

सभेच्या आधी बाटलीवाल्यांची एक फेरी व्हायची होती. त्या दिवशी वहिनीच्या कारखान्यात वीज गेली ती आलीच नाही, आणि बायकांना दुपारीच घरी सोडलं. एरवी बाटलीवाले यायचे तेव्हा ती कामावर असायची, त्यांची ऊठबस अण्णाच करायचे. ती फाटकातून आत आली, तर नळीचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं, बाटलीवाल्यांचा पत्ता नाही, आणि अण्णा नळीच्या तोंडात घरातलं नरसाळं बसवून तांब्या तांब्याने पाणी ओततायत. शेजारी बादली, ती निम्मी रिकामी.

"अण्णा, हे काय करताय?"

"काय करतोय म्हणजे? पाणी भरतोय. तो बिचारा आता येईल."

मग त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं, अगदी शहाण्या माणसाने अडाण्याला सांगावं तसं. बाटलीवाल्यांची कामाची एक रीत होती. नळीत साचलेलं शिळं पाणी आधी पंपाने उपसून टाकायचं, मग जमिनीतून ताजं पाणी झिरपून वर येईपर्यंत थांबायचं, आणि ते बाटलीत भरायचं. पण या अंगणाची माती चिकट, तिच्यातून पाणी यायचं ते अगदी जिवावर आल्यासारखं. म्हणून बाटलीवाले ही नळी सकाळी सगळ्यांत आधी उपसायचे, झाकण नुसतं वर ठेवून बाकीच्या नळ्यांकडे जायचे आणि परत यायचे. परत येऊन बघतात तर नळीत ओंजळभर पाणी. मग बसा पायरीवर. कधी अंधार पडायचा, कधी दुसऱ्या दिवशी हेलपाटा घालावा लागायचा. एकदा अण्णांनी त्यांना फोनवर वरच्या साहेबाची गयावया करताना ऐकलं. दारी आलेला माणूस असा ताटकळत बसलेला अण्णांना बघवेना. तेव्हापासून ते गेले की अण्णा नळी भरून ठेवत.

"पाणी कुठलं घालता?" वहिनीने विचारलं. उत्तर तिला समोर दिसत होतं.

"नळाचं. फडक्यातून गाळून घेतो. द्यायचंच तर चांगलं द्यावं माणसाला."

कधीपासून, असं तिने विचारलं. अण्णांनी आभाळाकडे बघून आठवलं. तुझा पोरगा बायकोला घेऊन गेला ना, त्या उन्हाळ्यापासून, असं म्हणाले. घर रिकामं झालं होतं, तेवढंच हाताला काम. आणि बाटलीवाल्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण उपकार काय सांगून करायचे असतात?

वहिनी पायरीवर बसली. मॅडमच्या आलेखातली रेघ त्याच उन्हाळ्यापासून उतरायला लागली होती. औषध मुरलं नव्हतं, काही सुधारलं नव्हतं. सरकार इतकी वर्षं नळाचं गाळलेलं पाणी तपासून आनंदाने माना डोलावत होतं, आणि ती स्वतः त्या पाण्यावर विश्वास ठेवून खालच्या खोलीला रंग देत होती. तिला अण्णांवर ओरडायचं होतं. पण त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असा समाधानी भाव होता, की तिला ओरडता येईना, आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

बाटलीवाले परतले तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला. खांद्यावरची पेटी खाली ठेवून तेही पायरीवर बसले.

"पाणी लवकर चढतंय हे मला दिसत होतं, वहिनी," ते म्हणाले. "मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. पोरीची शाळा सुटायच्या आत घरी पोचायला लागलो. मग मी खोलात गेलोच नाही."

तिने त्यांना नळी पुन्हा उपसायला लावली. एकदा नाही, आत घातलेलं सगळं निघून जाईपर्यंत. मग दोघं वाट बघत बसले. अण्णा आत येरझारा घालत होते. दोनदा चहा घेऊन आले, तिसऱ्यांदा नुसतेच येऊन नळीत डोकावून गेले. उन्हं उतरली तेव्हा कुठे बाटलीपुरतं पाणी जमलं. जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं. बाटलीवाल्यांनी ती बाटली उजेडाकडे धरली. अण्णांना वास येत नव्हता, पण डोळे चांगले होते.

"हौदातलंच आहे," ते हळूच म्हणाले. "आपण ओळखतो याला."

मग ते आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

बाटलीवाल्यांनी बाटलीवर चिठ्ठी डकवली. ही बाटली मी आहे तशी पुढे देणार, असं त्यांनी सांगितलं, माणूस भित्रा असला तरी चोर नव्हता. मागच्या बादल्यांचं काय करायचं ते मात्र तुम्ही ठरवा. मॅडमच्या कानावर घालू का, असं वहिनीने विचारलं, तेव्हा ते नळीचं झाकण लावून, पेटी उचलून गेले.

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. त्याने घरमालकाला खोल्या सोडतोय म्हणून सांगून टाकलं होतं. मागून नात ओरडून विचारत होती, आजीकडे झोका आहे का. वहिनी म्हणाली, बांधू. फोन ठेवल्यावर ती खालच्या खोलीत जाऊन बदकांच्या खोळीवर हात ठेवून बसली. गप्प राहिलं तर काय बिघडणार होतं? पाणी कुणी पीत नव्हतं, कारखाना गेला होता, माणसं कंटाळली होती. नातीला अंगणात खेळू द्यायचं नाही, भिंतीला हात लावू द्यायचा नाही, ओलीच्या दिवसांत दारं लावून घ्यायची. एवढं सांभाळलं की झालं. पण हे सगळं मनात बोलून झाल्यावर तिला दादाचा खोकला आठवला. कारखान्याचा मुकादमही असंच म्हणायचा, की हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, एवढं सांभाळलं की झालं.

अण्णांचा प्रश्न वेगळाच होता. सगळ्यांसमोर सांगायचं म्हणजे म्हाताऱ्याचे धिंडवडे काढायचे. ती सकाळी त्यांच्यासमोर चहा ठेवून नुसती उभी राहिली. त्यांनी ओळखलं.

"सांगून टाक, सूनबाई," ते म्हणाले. "म्हातारा बादली घेऊन फिरत होता म्हणून सांग. माझी काय आता सोयरीक जमवायचीय?"

सभागृह भरलं होतं. नवे कपडे घालून लोक आले होते, मास्तरांनी तर दाढी दुसऱ्या कुणाकडून करून घेतल्यासारखी गुळगुळीत केली होती. मॅडमनी आलेख दाखवला, टाळ्या पडल्या, आणि अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती झाली. वहिनी उठली. ती भाषण करणारी बाई नव्हती. तिने नरसाळं, तांब्या, बादली, गाळायचं फडकं, सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की हरकत आहे. आधी दोघे-तिघे हसले. मग सगळ्यांना अर्थ कळला आणि हसू थांबलं.

मागून कुणीतरी म्हणालं, यांना मुळी आपली घरं विकूच द्यायची नाहीत. कुणी म्हणालं, नवरा गेला त्याचं दुःख आहे, पण त्याचा किती दिवस बाजार मांडायचा. अण्णा पहिल्या रांगेत ताठ बसून होते आणि लोक त्यांच्याकडे मान वळवून वळवून बघत होते. मास्तरांनी वहिनीजवळ येऊन, आवाज खाली आणून सांगितलं, की घरातल्या गोष्टी घरात ठेवायच्या असतात. वहिनी त्यांना म्हणाली, ही गोष्ट तुमच्याही घराखालून वाहतेय. मॅडम तेवढ्या शांत होत्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं, वहिनीचे आभार मानले आणि निर्णय कळवू असं सांगितलं. त्या आभारांवर वहिनीने फार मोठी आशा बांधली.

निर्णय सांगायला मॅडम स्वतः घरी आल्या. पत्र पाठवता आलं असतं, पण आल्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. अंगणातल्या पायरीवरच बसल्या. जागा यादीतून निघाली होती.

वहिनीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मॅडमनी नळीकडे न बघता समजावून सांगितलं. ज्या नळीत बाहेरचं पाणी घातलं गेलं, तिचे आकडे खात्याला धरता येत नाहीत. तसा नियमच आहे. ती नळी तपासणीतून बाद केली. आणि ती बाद झाली की उरतात त्या सगळ्या नळ्या स्वच्छ.

"पण ती पिवळी बाटली?" वहिनी म्हणाली. "त्यात तर कुणी काही घातलं नव्हतं. बाटलीवाले होते, मी होते."

"ती त्याच नळीतली आहे, वहिनी. बाद नळीतली कुठलीच बाटली चालत नाही."

"आणि पहिल्या वेळचे आकडे? ज्यांच्यामुळे जागा यादीत आली ते? तेव्हा कुठे होती बादली?"

"तेव्हा नव्हती, हे तुम्ही म्हणता. खात्याला ते कसं कळणार?" मॅडमचा आवाज खाली गेला. "ते आकडेही काढले. पहिल्यापासूनचे सगळे."

वहिनीने दुसरी नळी खणा म्हटलं. मॅडम म्हणाल्या, तसं मी मागितलं होतं, वरून नकार आला. निघणाऱ्या जागेवर नवा खर्च कोण करतो? मग उठता उठता त्यांना राहवलं नाही, आणि जे बोलायला नको होतं तेच बोलून गेल्या.

"तुम्ही नसतं सांगितलं ना, नुसती ती पिवळी बाटली माझ्याकडे आली असती, तर मला सगळं थांबवून पुन्हा तपासावंच लागलं असतं."

वहिनी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली नाही. तिच्याच अंगणातल्या पाण्याने तिच्या नवऱ्याचं मरण कबूल करून घेतलं होतं, आणि ती कबुली तिने स्वतःच्या तोंडाने, खरं बोलून, पुसून टाकली होती. खोटं बोलणाऱ्याची फजिती होते असं आपण पोरांना शिकवतो. खरं बोलणाऱ्याची काय होते ते शिकवायची सोय कुठल्या शाळेत नाही.

चार दिवसांत दोन गवंडी आले आणि त्यांनी नळी सिमेंटने बुजवून वर गुळगुळीत गोल थापून दिला. गल्लीच्या तोंडावरचा फलक उतरवला, तेव्हा मास्तरांनी त्याच्या रिकाम्या खांबाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. बाटलीवाल्यांना कचेरीत आत बसवलं, असं कुणाकडून तरी कळलं. बाहेर पाठवण्यासारखा माणूस ते आता उरले नव्हते.

मुलाला कळवायला वहिनीने मुद्दाम दोन दिवस घेतले. त्याला आधीच कळलं होतं, मास्तरांनी अभिनंदनाचा फोन केला होता. तो रागावला नाही, हेच वाईट झालं.

"आई, ते काढू देत यादीतून," तो म्हणाला. "पण तू स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलंस ना, खाली अजून आहे म्हणून. मग पोरीला मी तिथे कशी आणू?"

"नको आणूस," वहिनी म्हणाली. मग झोक्याचं काय सांगायचं हे दोघांनाही सुचलं नाही.

बदकांची खोळ तिने घडी घालून पेटीत ठेवली. अण्णांनी त्यानंतर बादलीला हात लावला नाही. अंघोळीचं पाणीसुद्धा वहिनीने काढून ठेवावं लागे. बाटलीवाल्यांच्या फेरीचे दिवस आले की मात्र ते सकाळपासून पायरीवर येऊन बसत, आणि आज कुणी यायचं होतं का, असं एकदा तरी विचारत.

मास्तरांचं घर चांगल्या किमतीला गेलं. जाताना त्यांनी वहिनीचा निरोप घेतला नाही, तिनेही दार उघडलं नाही. नव्याने आलेली माणसं तरुण होती. नवरा-बायको आणि एक मुलगी, नातीच्याच वयाची. पोर पहिल्या आठवड्यातच फाटकातून आत शिरली आणि अण्णांच्या गुडघ्याला चिकटली. अण्णा तिला नाकाची गोष्ट सांगत, ती त्यांच्या नाकात डोकावून बघे आणि दोघं हसत. किती महिन्यांनी त्या अंगणात कुणी हसत होतं. सुट्टीच्या दिवशी वहिनी घरच्या मशीनवरून उठून दारात येई, बघे, आणि पोरीला गोड बोलून पायरीवरच बसवून ठेवी.

पुढे ओलीचे दिवस आले. सुट्टीच्या एका दुपारी पायरी रिकामी होती. अण्णांचा डोळा लागला होता. वहिनी बाहेर आली तर पोर समोरच्या भिंतीच्या, म्हणजे पोरीच्या स्वतःच्याच घराच्या भिंतीच्या पायथ्याशी उकिडवी बसलेली. चुना फुगून सुटला होता आणि आतून पिवळं वर आलं होतं. नखाने ती ते खरवडत होती आणि एका पत्र्याच्या डब्यात भरत होती.

"सोनं," तिने डबा वर धरून दाखवला.

वहिनीने डबा हिसकावला, पोरीला उचलून नळाखाली नेलं आणि तिची बोटं साबण लावून पुन्हापुन्हा धुतली. नखं धुतली, तोंड धुतलं, तोंडात काही घातलं होतंस का असं विचारून विचारून पोर रडकुंडीला आणली. रडणं ऐकून आई धावत आली. वहिनीने तिला डबा दाखवला. हौद, नळी, पपडी, दादाची छाती, सगळं एका दमात सांगितलं. आपण फार मोठ्याने बोलतोय हे तिला कळत होतं, पण आवाज आवरत नव्हता.

पोरीची आई ऐकून घेत होती. चांगल्या घरची होती, मध्ये बोलली नाही. पोरीचे हात पदराने पुसले आणि तिला कडेवर घेतलं.

"तुमच्यावर खूप वाईट वेळ आली, वहिनी," ती म्हणाली. "मास्तरांनी घर देतानाच सांगितलं होतं आम्हाला, तुम्ही हे सगळं सांगाल म्हणून. पण सरकारनेच स्वच्छ म्हटलंय ना आता."

आणि ती पोरीला घेऊन घरात गेली. खिडकीतून ती नवऱ्याला काहीतरी सांगताना दिसली आणि खिडकी लागली.

अण्णा जागे झाले होते. पोर गेली का, असं त्यांनी आतून विचारलं. वहिनी म्हणाली, गेली. पिवळ्या पपडीचा डबा तिच्या हातात तसाच होता. मागे असलाच डबा घेऊन ती निघाली होती तेव्हा ओतायला एक टेबल तरी होतं.